चेन बाहेरून चकाकते, आतून झिजते

पावसाळ्याचे चार महिने सरत आले, की गोव्यातील दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : गाडी पळते, पण चेन वाजते. मेकॅनिक मागचे चाक थोडे मागे ओढून चेन ताणून देतो, वरून तेलाची धार सोडतो आणि आवाज थांबतो. दहा-पंधरा दिवसांनी तोच आवाज पुन्हा सुरू होतो आणि चेन पुन्हा ताणली जाते. असे तीन-चार वेळा झाले, की चाक मागे सरकवायला जागाच उरत नाही आणि चेनसह दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याचा खर्च समोर उभा राहतो.

गिअर नसलेल्या स्कूटरला ही चिंता नसते. तिची शक्ती बंद पेटीतील रबरी पट्ट्यावाटे मागच्या चाकाकडे जाते. मोटारसायकलचा भार मात्र आजही मुख्यतः उघड्या किंवा पत्र्याच्या पेटीत झाकलेल्या पोलादी चेनवरच आहे. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर प्रवासी नेणारा पायलट, मासळीचा डबा मागे बांधून गावोगाव फिरणारा विक्रेता, चोर्ला किंवा अनमोड घाट ओलांडून कामाला ये-जा करणारा कामगार या सर्वांची रोजची कमाई या चेनवर चालते. तरीही दुचाकीतील सर्वाधिक दुर्लक्षित भाग कोणता, असे विचारल्यास चेनचेच नाव घ्यावे लागेल.

या दुर्लक्षामागे आळसापेक्षा गैरसमज अधिक आहे. चेन ‘ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पोलादी पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. चेनची लांबी वाढते ती तिच्या प्रत्येक सांध्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी धातू झिजल्यामुळे. ही जागा कोणती, तेथे घर्षण कसे होते आणि तेथपर्यंत तेल कसे पोहोचते, हे एकदा उमजले की चेनची निगा कशी राखावी, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

चेनच्या पोटात काय असते?

आजच्या मोटारसायकलवरील चेनचा मूळ आराखडा जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे स्थायिक झालेले अभियंते हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या चेनमध्ये पिनवर केवळ पट्टीची अरुंद कड घासत असे, त्यामुळे पिन लवकर कापली जाई. रेनॉल्ड यांनी पिनवर एक पोकळ नळी, म्हणजेच बुश, चढवला. भार पिनच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर पसरला आणि झीज एकदम घटली.

अशा चेनमध्ये एकाआड एक दोन प्रकारच्या कड्या असतात. आतल्या कडीत दोन पट्ट्या दोन बुशांवर घट्ट बसवलेल्या असतात आणि प्रत्येक बुशाभोवती एक मोकळा फिरणारा रोलर असतो. बाहेरच्या कडीत दोन पट्ट्या दोन पिनांनी जोडलेल्या असतात. बाहेरच्या कडीची पिन आतल्या कडीच्या बुशातून आरपार जाते. चेन वाकते तेव्हा पिन बुशाच्या आत थोडीशी फिरते. स्प्रॉकेटच्या दात्यांना स्पर्श करतो तो रोलर. त्याच्या आत बुश आणि बुशाच्या आत पिन. डोळ्यांना दिसतो तो रोलर आणि पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजू. झीज मुख्यतः होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये.

चेनवर छापलेल्या आकड्यांनाही अर्थ असतो. 428, 520, 525, 530 अशा आकड्यांतील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर एक अष्टमांश इंचाच्या पटीत सांगतो. 428 मधील 4 म्हणजे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच किंवा 12.7 मिलिमीटर. 520 मधील 5 म्हणजे पाच अष्टमांश इंच, अर्थात 15.875 मिलिमीटर. पुढील दोन अंक चेनची रुंदी दर्शवतात. आकड्यानंतर येणारे ‘एच’ हे अक्षर जाड पट्ट्यांची, अधिक मजबूत चेन असल्याचे सांगते. लहान इंजिनांच्या अनेक दुचाकींवर 428 जातीची, तर अधिक ताकदीच्या दुचाकींवर 520 किंवा त्याहून रुंद चेन असते. चेन विकत घेताना हा आकडा आणि कड्यांची संख्या, दोन्ही जुळणे आवश्यक असते.

घर्षण होते कुठे?

सरळ धावणाऱ्या चेनमध्ये पिन आणि बुश एकमेकांवर घासत नाहीत. घर्षण होते ते कडी वाकताना. चेनच्या एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो : पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो, तेथून सुटताना सरळ होतो, मागच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो आणि सुटताना पुन्हा सरळ होतो.

पुढे 14 दात्यांचा आणि मागे 42 दात्यांचा स्प्रॉकेट असलेली, 112 कड्यांची चेन असलेली एक लहान मोटारसायकल उदाहरणादाखल घेऊ. तिच्या मागच्या चाकाचा परीघ 1.9 मीटर धरल्यास एक किलोमीटरच्या प्रवासात चाक सुमारे 526 वेळा फिरते आणि चेनच्या सुमारे 197 फेऱ्या होतात. म्हणजेच प्रत्येक सांधा दर किलोमीटरला जवळजवळ 790 वेळा हलतो. वीस हजार किलोमीटरच्या आयुष्यात ही संख्या दीड कोटीच्या पुढे जाते. एवढ्या हालचाली काही थेंब तेलाच्या पातळ थरावर पार पडायच्या असतात. हा थर टिकला तर धातू धातूला फारसा भिडत नाही. थर आटला किंवा त्यात कचरा शिरला, की प्रत्येक हालचाल कानशीप्रमाणे धातू खरवडू लागते.

चारपैकी दोन हालचाली अधिक जाचक असतात. इंजिन ओढत असताना चेनचा वरचा भाग ताठ असतो आणि खालचा सैल. त्यामुळे मागच्या स्प्रॉकेटवरून सुटताना आणि पुढच्यावर चढताना सांधा पूर्ण भाराखाली हलतो. त्यातही पुढच्या लहान स्प्रॉकेटवर सांधा अधिक वाकतो. 14 दात्यांवर प्रत्येक सांध्याला सुमारे 26 अंश वाकावे लागते, तर 42 दात्यांवर केवळ साडेआठ अंशांच्या आसपास. गाडीला अधिक ‘उचल’ मिळावी म्हणून पुढचा स्प्रॉकेट आणखी लहान करून घेणाऱ्यांची चेन लवकर का झिजते, याचे एक उत्तर येथे मिळते.

भारही थोडाथोडका नसतो. शंभर सीसीच्या दुचाकीतही पहिल्या गिअरमध्ये चढाव चढताना चेनवरील ओढ अडीच-तीनशे किलो वजनाच्या भाराइतकी होऊ शकते. नव्या 428 चेनला तुटण्यासाठी दीड टनाहून अधिक ओढ लागते. त्यामुळे सुस्थितीतील चेन केवळ इंजिनाच्या जोरावर सहसा तुटत नाही. तिला दुबळी करतात ती झीज, गंज आणि चुकीची जोडणी.

स्वच्छ, तेल दिलेली आणि नीट जुळवलेली रोलर चेन इंजिनाकडून आलेल्या शक्तीपैकी सुमारे 96 ते 98 टक्के शक्ती चाकापर्यंत पोहोचवते. यंत्राच्या इतक्या साध्या भागासाठी ही कामगिरी उत्तम म्हणावी लागेल. कोरडी, गंजलेली किंवा अतिताणलेली चेन यापेक्षा अधिक शक्ती खाते. ही शक्ती पेट्रोलमधूनच आलेली असते आणि ती उष्णता, आवाज व झीज या रूपांत वाया जाते.

साधी चेन आणि सीलबंद चेन

बाजारात मिळणाऱ्या चेनचे मुख्य प्रकार दोन : साधी आणि सीलबंद. साध्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यातील फट दोन्ही बाजूंनी उघडी असते. कारखान्यात भरलेले वंगण काही काळाने निघून जाते आणि त्यानंतर बाहेरून दिलेल्या तेलावरच तिला जगावे लागते. ती स्वस्त, हलकी आणि अरुंद असते. म्हणूनच रोजच्या वापराच्या दुचाकींवर ती सर्रास आढळते.

सीलबंद चेनमध्ये आतली आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये पिनभोवती रबरी कडे बसवलेले असते. कारखान्यात पिन व बुश यांच्यात भरलेले ग्रीस हे कडे आत अडवून ठेवते आणि पाणी व माती बाहेर रोखते. 1970 च्या दशकात मोटारसायकलवर आलेल्या अशा चेनमधील कड्याचा छेद गोल होता. त्यांना ओ-रिंग चेन म्हणतात. पुढे चार ओठांच्या छेदाचे कडे आले. ती एक्स-रिंग चेन. गोल कडे पट्टीवर दाबून बसते, तर एक्स आकाराचे कडे आपल्या अरुंद ओठांनी टेकते आणि ओठांमधील खाचेत थोडे वंगण धरून ठेवते. त्यामुळे त्याचे घर्षण कमी आणि आयुष्य अधिक असते.

रबरी कडे पट्टीवर घासते, त्यामुळे नवी सीलबंद चेन नव्या साध्या चेनपेक्षा किंचित जड चालते. पण साधी चेन काही शे किलोमीटरनंतर तेलाविना कोरडी पडू लागते, तर सीलबंद चेनच्या पोटातील ग्रीस हजारो किलोमीटर टिकते. नीट निगा राखल्यास तिचे आयुष्य अनेकदा साध्या चेनच्या दुप्पट भरते. किंमतही त्या मानाने जास्त असते.

सीलबंद चेनला तेल लागतच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. सील असतो तो पिन आणि बुश यांच्यातील सांध्याला. बुश आणि रोलर यांच्यातील फट तिच्यातही उघडीच असते. शिवाय रबर कोरडे पडून तडकू नये, पट्ट्यांना गंज चढू नये आणि रोलर दात्यांवर कोरडा आपटू नये, यासाठीही तेलाचा हात आवश्यक असतो. एकदा सील फाटून आतले ग्रीस निघून गेले, तर ते बाहेरून पुन्हा भरता येत नाही.

साध्या चेनच्या जागी सीलबंद चेन घालण्याचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. सीलमुळे चेन अधिक रुंद होते. ती चेनच्या पेटीला किंवा इंजिनाच्या कवचाला घासणार नाही, याची खात्री मेकॅनिककडून आधी करून घ्यावी लागते.

चेनची दोन टोके जोडणारी कडी हाही महत्त्वाचा भाग आहे. अधिक ताकदीच्या दुचाकींवर ही कडी रिव्हेट ठोकून कायमची बंद केलेली असते. लहान दुचाकींवर ती स्प्रिंग क्लिपने अडकवलेली असते आणि गॅरेजमध्ये तिला चेन लॉक म्हणतात. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आणि उघडी बाजू मागे असावी लागते. क्लिप उलटी बसली तर एखादा दगड किंवा पेटीचा वाकलेला पत्रा लागूनही ती निसटू शकते. नवी चेन बसवून घेतल्यावर ही दिशा पाहण्यास दहा सेकंद पुरतात.

पाऊस, तांबडी माती आणि खारा वारा

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. पावसाचे पाणी साध्या चेनमधील तेल धुऊन नेते. त्याच पाण्याबरोबर रस्त्यावरील तांबड्या मातीचा बारीक गाळ सांध्यांवर बसतो. चेनवर आधीच जाड तेल किंवा ग्रीस थापलेले असेल, तर हा गाळ त्यात कालवला जाऊन धातू घासण्याच्या लेपासारखे काम करतो. वाळूतील गारगोटीचे कण पोलादावरही ओरखडे पाडतात. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या वाळूने भरलेल्या रस्त्यांवर आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यातील धुळीत चेनची झीज अधिक वेगाने होते.

किनारपट्टीवर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि त्यातील क्लोराइड पोलादाचा गंज वेगाने वाढवते. फेरीबोटीतून खाडीचे तुषार झेलत रोज ये-जा करणारी किंवा समुद्राकाठच्या अंगणात रात्रभर उघड्यावर उभी राहणारी दुचाकी फारशी चालली नाही, तरी तिची चेन गंजते. गंज सांध्यात शिरला, की कडी मोकळेपणाने वाकेनाशी होते. अशा आखडलेल्या कड्या स्प्रॉकेटवरून सुटल्यावरही थोड्या वाकलेल्याच राहतात. हळू वेगात बसणारे बारीक हिसके हे त्यांचे लक्षण.

रोजच्या वापराच्या अनेक दुचाकींवर चेन पत्र्याच्या बंद पेटीत असते. साडी व ओढणी अडकू नये, तसेच धूळ-पाणी दूर राहावे, हा तिचा उद्देश. दिसायला बरे म्हणून ही पेटी काढून टाकणे गोव्याच्या पावसात फार महाग पडते. मात्र पेटीमुळे चेन नजरेआड होते आणि आत शिरलेला चिखलही तेथेच राहतो. बहुतेक पेट्यांना रबरी बूच असलेले एक छिद्र असते. ते उघडून चेनचा ढिलेपणा तपासता येतो. सर्व्हिसिंगच्या वेळी पेटी पूर्ण उघडून आतून स्वच्छ करण्यास सांगावे.

स्वच्छता आधी, तेल नंतर

मळलेल्या चेनवर तेल ओतणे म्हणजे मळ आत ढकलणे. त्यामुळे आधी स्वच्छता हवी. दुचाकी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद ठेवून आणि गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन मागचे चाक हाताने फिरवत काम करावे. चेनसाठी मिळणारे क्लीनर किंवा थोडे रॉकेल आणि मऊ ब्रश एवढे साहित्य पुरते. त्यानंतर कोरड्या फडक्याने चेन पुसून वाळू द्यावी.

पेट्रोलने चेन धुऊ नये. ते झटकन पेट घेते आणि सीलच्या रबरालाही मारक ठरते. तारेच्या ब्रशने सील फाटतात. धुण्याच्या केंद्रावरील पाण्याचा जोरदार फवारा थेट चेनवर मारला, तर पाणी सीलच्या फटीतून आत शिरू शकते आणि साध्या चेनमधील उरलेसुरले तेलही निघून जाते. गाडी धुऊन आणल्यानंतर चेन पुसून तिला तेल देणे म्हणूनच अगत्याचे.

तेल कोणते, याचे उत्तर दुचाकीच्या पुस्तिकेत दिलेले असते. सर्वसाधारणपणे 80 किंवा 90 ग्रेडचे गिअर ऑइल किंवा चेनसाठी बनवलेला स्प्रे योग्य ठरतो. सीलबंद चेनसाठी स्प्रे घेताना तो सीलच्या रबराला चालणारा असल्याचे डब्यावर पाहावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते, म्हणून ते चेनवर ओतण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्या तेलात काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण असतात. ज्या झिजेपासून चेन वाचवायची, तिचेच साहित्य त्यात असते. गंज सोडवणारे पातळ स्प्रे चेन मोकळी करण्यास उपयोगी पडतात, पण त्यांचा थर टिकत नाही. दाट ग्रीस बाहेरून थापल्यास ते सांध्यात उतरत नाही आणि वाळू मात्र धरून ठेवते.

तेल कुठे सोडावे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. रोलरच्या मधोमध सोडलेले तेल पिनपर्यंत पोहोचत नाही. साध्या चेनमध्ये पिनकडे जाणारी वाट आतल्या आणि बाहेरच्या पट्टीमधील फटीतून असते. म्हणून खालच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाने, म्हणजे जी बाजू स्प्रॉकेटला लागते त्या बाजूने, दोन्हीकडच्या पट्ट्यांच्या फटींवर थेंब-थेंब तेल द्यावे. चेन फिरू लागली, की तेल बाहेरच्या दिशेने ढकलले जाते आणि वाटेत सांध्यात शिरते. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना तेल दिले, तर ते अधिक सहज आत उतरते. त्यानंतर काही वेळ, शक्यतो रात्रभर, गाडी उभी ठेवावी आणि बाहेर राहिलेले जादा तेल पुसून टाकावे. आवश्यक तेल आत असते; बाहेरचा ओघळ धूळ धरतो आणि टायरवर उडाल्यास चाक घसरण्याचा धोका निर्माण करतो.

बहुतेक पुस्तिका 500 ते 1000 किलोमीटरच्या टप्प्याने चेन तपासून तेल देण्यास सांगतात. गोव्याच्या पावसाळ्यात साध्या चेनला या टप्प्याची वाट पाहता येत नाही. दिवसभर मुसळधार पावसात गाडी चालली असेल, तर संध्याकाळी चेन पुसून तेलाचा हात फिरवणे हिताचे.

ढिली किती, ताठ किती?

चेन जितकी ताठ तितकी चांगली, ही दुसरी घातक समजूत होय. मागचे चाक खड्ड्यांवर वर-खाली होते, तेव्हा ते स्विंग आर्मच्या टोकाला एका वर्तुळाकार मार्गावर फिरते. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंग आर्मचा खिळा आणि मागच्या चाकाचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात, त्या क्षणी दोन स्प्रॉकेटमधील अंतर सर्वाधिक असते आणि चेन सर्वाधिक ताठ होते. मागे प्रवासी आणि सामान असताना गाडी खड्ड्यातून गेली, की बहुधा हीच स्थिती येते. स्टँडवर रिकामी असतानाच जी चेन ताठ आहे, तिला या क्षणी वाढण्यास वाव नसतो. तो सारा ताण चेनवर, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि तेथील ऑइल सीलवर पडतो. रोज मागे प्रवासी घेऊन फिरणाऱ्या पायलटच्या दुचाकीबाबत ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चेन फार ढिली असेल तर ती पेटीवर आपटते, गिअर बदलताना हिसके बसतात आणि दात्यांवरून ती उसळून निसटू शकते. लहान दुचाकींसाठी खालच्या पट्ट्याच्या मध्यावर साधारणतः 20 ते 30 मिलिमीटर खेळ ठेवतात. प्रत्येक मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा स्विंग आर्मवरील स्टिकरवर असतो आणि तोच प्रमाण मानावा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी हा खेळ मोजावा. झीज सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे जेथे चेन सर्वाधिक ताठ लागते, तेथील माप धरावे.

चेन जुळवताना दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरवरील खुणा सारख्याच असायला हव्यात. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिल्यास चाक तिरके बसते आणि चेन दात्यांच्या कडेला घासते. मागे ड्रम ब्रेक असलेल्या दुचाकीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चाक मागे सरकले, की ब्रेकचा रॉड ताणला जातो. ब्रेक पेडलचा खेळ पुन्हा जुळवला नाही, तर ब्रेक चिकटून राहतो आणि ड्रम तापतो. काम संपल्यावर एक्सलचा नट व ब्रेक प्लेट धरणाऱ्या दांडीचा नट घट्ट केल्याची खात्री करून घ्यावी.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

चेनची झीज मोजता येते आणि त्यासाठी एक पट्टी पुरते. 428 चेनच्या वीस कड्यांची लांबी, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर, नवी असताना 254 मिलिमीटर भरते. चेन ताठ धरून मोजल्यावर ती 256.5 मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर एक टक्का वाढ झाली आहे आणि नव्या चेनची तयारी ठेवावी. पुस्तिकेत दिलेली मर्यादा याहून कमी असल्यास तीच पाळावी. 259 मिलिमीटर, म्हणजे दोन टक्के, हा आकडा गाठेपर्यंत कोणीही थांबू नये.

आकडे लहान वाटतात, पण त्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सांध्यात केवळ एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी 112 कड्यांची चेन 11 मिलिमीटरहून अधिक लांब होते. कड्यांमधील अंतर वाढले, की रोलर दात्यांच्या मुळाशी न बसता वर सरकतो आणि दात्याच्या टोकाला ओढू लागतो. दाते हळूहळू एका बाजूला झुकून आकड्यासारखे टोकदार होतात. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहिल्यास आणि अर्ध्याहून अधिक दाता उघडा पडल्यास झीज बरीच पुढे गेलेली असते.

यामुळेच चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावेत, असे सांगितले जाते. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवल्यास ती जुन्या चेनच्या मापाने वागू लागते आणि लवकर खराब होते. चेन लांब झाली म्हणून तिच्यातील कड्या काढून ती आखूड करून देण्याचा उपायही काही ठिकाणी केला जातो. त्याने एकूण लांबी कमी होते, पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातील झीज तशीच राहते. असा उपाय चेनचे आयुष्य वाढवत नाही. धोका मात्र लांबवतो.

हा धोका केवळ रस्त्यात अडकून पडण्याचा नाही. धावत्या गाडीची चेन तुटली, तर ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गुंडाळून इंजिनाचे कवच फोडू शकते किंवा मागचे चाक जागीच जखडू शकते. घाट उतरताना चेन तुटली, तर गिअरमुळे मिळणारा इंजिनाचा रोध त्याच क्षणी नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

इंजिन बंद, मगच हात

चेन साफ करताना होणारी सर्वांत गंभीर इजा बोटांना होते. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून, इंजिन सुरू ठेवून आणि पहिला गिअर टाकून फिरत्या चेनवर फडके धरण्याची सवय अनेकांना असते. फडक्याचे टोक स्प्रॉकेटमध्ये सापडले, की बोटेही त्याच्यामागे ओढली जातात. हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही आणि दात्यांखाली गेलेले बोट बहुधा वाचत नाही. चेनचे कोणतेही काम इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि चाक हाताने फिरवूनच करावे. हाताने फिरवतानाही बोटे स्प्रॉकेटपासून दूर, चेनच्या मधल्या भागावर असावीत. लहान मुले जवळ असतील तर त्यांना आधी दूर करावे.

पाऊस ओसरल्यावर पहिल्या कोरड्या रविवारी चेन स्वच्छ करून, तेल देऊन तिचा खेळ मोजावा. उघड्या चेनच्या वीस कड्याही त्याच वेळी मोजाव्यात. बंद पेटीतील चेनच्या कड्या पुढच्या सर्व्हिसिंगला पेटी उघडल्यावर मेकॅनिककडून मोजून घ्याव्यात. ते माप तारीख आणि किलोमीटरसह सर्व्हिस पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. दोन-तीन महिन्यांनी घेतलेले दुसरे माप त्याखाली लिहिले, की चेन किती वेगाने झिजते आहे आणि नव्या चेनसाठी पैसे कधी बाजूला काढावे लागतील, हे वाहनचालकाला स्वतःच ठरवता येईल.